समुद्रातल्या मालाचा दंड

सकाळी उठल्याउठल्या जयवंतीने घरात फर्मान काढलं. जावई जेवून हात धुवेपर्यंत या घरात कोणी बँकेचं नाव काढायचं नाही.

"आणि हात धुतल्यावर?" तिच्या मुलाने, कमलाकांतने विचारलं.

"मग वाण द्यायचंय. वाण देताना पण नाय."

"मग कवा काढू? दिवाळीला?"

"मी खुणवीन तवा. तवर तोंडात धोंडा कोंब नि गप बस."

अधिक महिना तीन वर्षांनी येतो, आणि चिरागरावांचा जावई म्हणून हा पहिलाच. त्यामुळे जयवंतीने परातभर पुरण शिजवलं होतं. आपल्या मुलाचं डोकं ज्याच्या नावाने तापलंय, त्याच माणसासाठी तुपातले धोंडे करायचे, याची गंमत तिलाही कळत होती. पण जावई तो जावई. त्याच्या बँकेशी भांडण असलं म्हणून त्याचं वाण चुकवता येत नाही.

तिच्याशेजारी पुरण भरत बसलेल्या अपेक्षाला, म्हणजे कमलाकांतच्या बायकोला, हे पटत नव्हतं. अपेक्षा पालघरची. बँकेचं भांडण मुळात तिनेच शोधून काढलेलं.

झालं असं होतं. पावसाळ्यातली मासेमारीबंदी लागायच्या आधीच्या शेवटच्या फेरीत घरच्या होडीचा, 'एकविरा कृपा'चा गिअरबॉक्स गेला. मिस्त्रीने पंचेचाळीस हजार सांगितले. कमलाकांत बोईसरच्या बँकेत गेला. होडीच्या नावाने तिथे ओव्हरड्राफ्टचं खातं होतं. खात्यात पैसे नसले तरी ठरल्या रकमेपर्यंत काढायचे आणि मासळीचे पैसे आले की भरायचे, असा व्यवहार. बँकेने सांगितलं, रक्कम संपली, आता एक रुपया मिळायचा नाही. कमलाकांत डोकं धरून घरी आला. अपेक्षाने खात्याचा उतारा मागवला, तर दर महिन्याला अडीच हजार आणि वर कर कापलेला. कारण लिहिलं होतं, 'स्टॉक स्टेटमेंट न दिल्याबद्दल दंड'.

"गोदामात माल किती शिल्लक, ते दर महिन्याला लिहून द्यायचं असतं," अपेक्षाने सगळ्यांना समजावलं होतं.

"आमचा माल समुद्रात हाय," कमलाकांत म्हणाला होता. "तो काय मोजून देऊ?"

असे पन्नास हजारांच्या घरात पैसे गेले होते. अपेक्षाने सासऱ्यांच्या नावाने ईमेल करून टाकला. बँकेचं उत्तर आलं की आपल्याला प्रत्येक वेळी मोबाइलवर कळवलं होतं, सबब दंड योग्य आहे. कळवलं होतं, हे खरं. फक्त मोबाइल होडीचा होता. खातं उघडताना सासऱ्यांनी, म्हणजे नरहरीने, छाती पुढे काढून सांगितलेलं, "होडीचं खातं, तर नंबर पण होडीचाच लिवा." तो फोन होडी हाकणाऱ्या तांडेलाच्या फळीवर, दोरीला बांधलेला. होडी खोल समुद्रात, रेंज नाही. किनाऱ्याला लागली की सगळे मेसेज एकदम धाडधाड यायचे आणि पुंडलिक खलाशी बॅटरी खातात म्हणून ते पुसून टाकायचा.

आता बँकांच्या लोकपालाकडे तक्रार करायची राहिली होती. अपेक्षाने कागद तयार ठेवला होता. त्यावर नरहरीची सही हवी होती आणि नरहरी सही करत नव्हता.

"पोरगी दिलीय त्या घरात," एवढंच तो म्हणायचा, आणि जाळं विणायला बसायचा.

ऑगस्ट लागला की बंदी उठणार. तोवर गिअरबॉक्स बसला नाही, तर होडी किनाऱ्यावर राहणार आणि उचल घेतलेले खलाशी दुसऱ्याच्या होडीवर जाणार. कमलाकांतला झोप लागत नव्हती ती यामुळे.

"चारूला तरी सांगायला हवं होतं," अपेक्षा नणंदेबद्दल म्हणाली.

"तिला कायेक सांगू नको," जयवंती म्हणाली. "ती आता तिकडची. उगा तिच्या संसारात माती नको."

---

ती तिकडची त्या वेळी बोईसरहून मोटारसायकलवर मागे बसून येत होती. मांडीवर आंब्यांची पेटी आणि मनात माहेर.

पुढे बसलेल्या चिरागच्या मनात मात्र छातीवरचा खिसा होता. खिशात घडी घातलेला कागद होता, 'मी माझी तक्रार स्वखुशीने मागे घेत आहे'. खाली नरहरीच्या सहीसाठी मोकळी जागा. मॅनेजरसाहेबांनी शनिवारी केबिनमध्ये बोलावून तो हातात दिला होता. "जेवायला चाललाच आहात, येताना सही घेऊन या. लोकपालाकडे गेलं, तर चौकशी लागेल. पुढच्या महिन्यात तुमचा प्रमोशनचा इंटरव्ह्यू आहे, मला वेगळं सांगायला नको."

चिराग मूळचा समुद्राकडचा नव्हे. त्याचे वडील साताऱ्याहून अणुवीज केंद्रात नोकरीला आलेले. कॉलनीत वाढलेल्या चिरागने पापलेट पहिल्यांदा खाल्लं ते सातपाटीत, आताच्या सासरच्या ओट्यावर बसून. शिरगाव मागे पडलं आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास आला, तशी त्याला नेहमीप्रमाणे भूक लागली आणि आज पहिल्यांदाच परत फिरावंसं वाटलं.

"एवढा गप्प का?" चारुताने विचारलं.

"रस्ता खराब आहे."

"रस्ता मागच्याच महिन्यात केलाय."

"तेच म्हणतो," चिराग म्हणाला.

---

जेवायला बसल्यावर कोणालाच विषय सापडेना. नरहरीने उकाड्यावर बोलून घेतलं. चिरागने उकाड्याला दुजोरा दिला. मग जयवंतीने शेजारच्या देवूच्या मुलीचं लग्न कसं मोडता मोडता जुळलं ते सांगितलं. ते संपल्यावर पुन्हा उकाडा आला.

"होडी वर काढली का?" चिरागने न राहवून विचारलं आणि जीभ चावली.

"काढली ना," कमलाकांत गोड आवाजात म्हणाला. "गिअरबॉक्स उघडून ठेवलाय. वारा लागू दे म्हटलं त्याला."

जयवंतीने त्याच्या पानात आणखी एक धोंडा टाकला. हे तोंड बंद करायचं औषध होतं. तिने घाईघाईने चिरागलाही एक वाढला. चिराग भीतीने नको म्हणू शकत नव्हता. सातवा धोंडा त्याने कसा गिळला, ते त्याचं त्यालाच माहीत.

हात धुतले. मग वाण. तांब्याच्या ताम्हणात तेहतीस धोंडे रचलेले, वर तुपाचा दिवा. चारुता नवऱ्याशेजारी पाटावर बसली. जयवंतीने दोघांना कुंकू लावलं, ताम्हण जावयाच्या हातात दिलं. जावयाने ते खाली ठेवलं आणि सासऱ्यांच्या पाया पडायला वाकला.

खिशातला कागद सरकला आणि थेट धोंड्यांवर पडला.

दिव्यावर कागदाने पेट घ्यायच्या आत चारुताने तो उचलला. एका कोपऱ्याला तूप लागलं होतं. पुसताना तिची नजर गेली आणि ती वाचत राहिली.

"कसली तक्रार?" तिने विचारलं.

चिराग वाकलेलाच होता. उठून उभं राहण्यापेक्षा सासऱ्यांचे पाय बरे, असं त्याला वाटलं असावं.

"बाबा, तुमी बँकेवर तक्रार केलीत? कसली?"

नरहरीने जयवंतीकडे पाहिलं. जयवंतीने अपेक्षाकडे. अपेक्षा म्हणाली, "मी सांगते." आणि तिने गिअरबॉक्सपासून पुंडलिकपर्यंत सगळं सांगितलं. ऐकताना चारुताला हळूहळू कळत गेलं की या खोलीत हे तिच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं.

"अहो, उभे राहा," ती चिरागला म्हणाली. "मला का नाही सांगितलंत?"

"ग्राहकाची माहिती गोपनीय असते," चिराग पुटपुटला. "घरी बोलायची नसते."

"तो ग्राहक माझा बाप हाय!"

"नियम सगळ्यांना सारखाच."

"आणि आई तू? दादा तू?"

"तुला सांगितलं असतं तर ह्यांना कळलं असतं," कमलाकांत जावयाकडे बोट करून म्हणाला.

"म्हणजे इकडे मी तिकडची आणि तिकडे मी इकडची," चारुता म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले. "मग मी हाय तरी कुठची, ते एकदा ठरवून सांगा. आंब्यांची पेटी कुठं उतरवायची, ते तरी कळंल."

मुलगी रडायला लागली तर काय करायचं, हे नरहरीला तिच्या पाळण्यापासून कधी जमलं नव्हतं. तेव्हा तो घाबरून खुळखुळा वाजवायचा, आता घाबरून त्याने पेन मागितलं.

"आण तो कागद. मी सही करतो. तक्रार नको नि काय नको. पोरीच्या डोळ्यात पाणी आणून मला गिअरबॉक्स नको."

"मग होडी तुमीच ओढा खांद्यावर!" कमलाकांत उसळला. "खलाशांना काय सांगू? जावयाला वाण दिलं, त्यात होडीपण दिली?"

"आवाज खाली!"

"माझा कुठं वर हाय? वर तर बँकेचा हाय!"

बापलेकांचं जुंपलं. चिराग "दादा, दादा" करत मधे पडला आणि दोघांचेही बोल खाऊन बाजूला झाला. जयवंतीने ठरवलेली खूण करायची वेळ कधीच टळून गेली होती. तिला एकदम सगळ्यांचाच राग आला, आणि कुठून सुरुवात करावी ते न कळून तिने तिच्या मनात दीड वर्षं साचलेलं भलतंच गाऱ्हाणं बाहेर काढलं.

"बँक बँक काय करतास! मला बँकेचं दुःख नाय. चिरागराव, लग्नाआधी तुमी दर महिन्याला या घरी यायचात. ओट्यावर बसून दोन-दोन कप चा प्यायचात. ह्यांची सही घेऊन जायचात. लग्न झालं आणि तुमी उंबरा विसरलात. पोरगी मिळाली, सासू कशाला हवी?"

"आई, कामच इतकं..." चिराग म्हणाला आणि थांबला.

अपेक्षाही थांबली होती. तिच्या हातातला पाण्याचा तांब्या अर्ध्यावर राहिला होता.

"कसली सही, आई?" तिने विचारलं.

"मला काय ठाव? कागद असायचा काहीतरी. हे चश्मा न लावता सही करायचे. माझं लक्ष चा उतू जातो का, त्याच्यावर."

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला. लग्नापर्यंत एक महिना चुकला नाय."

"आणि दंड लग्नानंतरच्या महिन्यापासून लागलाय," अपेक्षा सावकाश म्हणाली. ती चिरागकडे वळली. "भाऊजी, तो कागद स्टॉक स्टेटमेंटचा होता का?"

चिरागने कपाळावरचा घाम पुसला. कुंकूही पुसलं गेलं.

"हो," तो म्हणाला.

तेवढा एक शब्द त्याला फार जड गेला. मग तो बोलत सुटला. खातं उघडायला तो पहिल्यांदा या घरी आला, तेव्हा चारुताने चहा आणून दिला होता. मच्छीमाराचं खातं उघडलं, तर पुन्हा वर्षभर यायचं कारण नव्हतं. मासळीच्या व्यापाऱ्याचं उघडलं, तर दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट घ्यावं लागतं. त्याने व्यापारी लिहिलं. खातेदारानेच ते बँकेत आणून द्यायचं असतं, पण तो स्वतः यायचा, स्वतःच भरायचा. लग्न झालं, त्याला सोनेतारणाच्या टेबलावर बसवलं, आणि तो सगळं विसरून गेला. दंड आपोआप लागत राहिला, हे त्याला तक्रार आली तेव्हाच कळलं.

"आणि मी कशावर सही करत होतो?" नरहरीने विचारलं.

"पापलेट, दोनशे किलो. गोदामात."

"कुठच्या गोदामात?"

"ओट्याचा पत्ता दिला होता," चिराग म्हणाला. "म्हणून तर ओट्यावर बसून लिहायचो. खोटं नको."

आधी हसली ती जयवंती. तिने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायला लागले. कमलाकांतने न हसायचा निश्चय केला होता, तो दोन क्षण टिकला.

"म्हणजे हा पोरीला बघायला यायचा, त्याचं भाडं आमी भरलं!"

"भाडं नाय," नरहरी गंभीरपणे म्हणाला. "यायचा तवा फुकट यायचा. यायचा बंद झाला, त्याचा दंड."

"बघा," जयवंती डोळे पुसत म्हणाली. "सासूला विसरलं तर बँकपण दंड लावते."

चारुता एकटी हसत नव्हती. चिराग कशासाठी यायचा, हे तिला त्या वेळीही कळत होतं. मुद्दाम साखर जास्त घालून चहा कोण द्यायचं? तिला ते आठवून आतून ऊब वाटली, आणि त्याच वेळी हा माणूस तिच्या बापाची सही घ्यायला खिशात कागद घालून आला होता, त्याचा संतापही जाईना. तिने तो तुपकट कागद नवऱ्यासमोर धरला.

"मागची बाजू कोरी आहे. आता जे सांगितलंत ते लिहा. मच्छीमाराचं खातं व्यापाऱ्याचं म्हणून उघडलं, चूक तुमची. चहाचं लिहू नका."

"चारू, प्रमोशन जाईल."

"प्रमोशन मिळालं की मोठं घर घेऊ म्हणाला होतात. त्या घरात दादाला जेवायला कुठल्या तोंडाने बोलावू?"

चिरागने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरा मघाशी त्याच्याच बाजूने सही करायला निघाला होता. आता त्याने पेन जावयाच्या हातात दिलं आणि जाळ्याची सुई उचलली. कमलाकांतकडे पाहण्यात अर्थच नव्हता. अपेक्षाने मात्र आतून एक स्वच्छ कागद आणून ठेवला.

"ह्याच्यावर लिहा, भाऊजी. तूप लागलेला कागद बँक घेत नाही."

चिरागने लिहिलं. दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा नीट लिहिलं आणि सही केली. शाखेची चूक कबूल असेल, तर दंड परत करायचा अधिकार मॅनेजरलाच असतो, लोकपालापर्यंत जायची गरज नाही, हेही त्याने सांगितलं. ते सांगताना तो बँकेचा अधिकारी दिसला, आधी दिसत नव्हता.

"आणि मोबाइल नंबर बदलू या," तो म्हणाला. "होडीचा नको. कोणाचा घालू?"

इथे पुन्हा जुंपायची वेळ आली. कमलाकांत म्हणाला, मी समुद्रात असतो. जयवंती म्हणाली, मला इंग्रजी येत नाय. नरहरीचा फोन नातवंडांच्या कार्टूनमध्ये अडकलेला असायचा. अपेक्षाचं नाव सगळ्यांच्याच मनात होतं आणि कमलाकांतने ते उच्चारलंही.

"माझा नको," अपेक्षा म्हणाली. "चारूचा घाला."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. गेल्या होळीला याच दोघी पुरणपोळीच्या तव्यावरून आठवडाभर बोलत नव्हत्या.

"ती बोईसरला राहते, बँक तिच्या दाराशी. आणि तिला काही कळवलं नाही म्हणून आता ती रडली ना? मग तिलाच आधी कळू दे."

"खात्यात नाव नसेल, तर नंबर घालता येत नाही," चिराग अडखळत म्हणाला. नियमाने त्याला पुन्हा गाठलं होतं.

नरहरी सुई फिरवत राहिला. एक गाठ मारून झाली, मग तो म्हणाला, "मग नाव घाल. माझ्या नावाच्या खाली चारुताचं. उद्या तिला बँकेत नेऊन कागद कर."

"बाबा," चारुता म्हणाली. "पण ते कर्जाचं खातं हाय. म्हणजे कर्जात पण माझा वाटा?"

"मग?" नरहरी म्हणाला. "माहेर काय फुकट मिळतंय?"

चारुता हसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नरहरीने या वेळी काही वाजवायला शोधलं नाही. जयवंतीने उठून आंब्यांची पेटी आत नेऊन ठेवली.

---

जुलै संपत आला होता. बोईसरला कारखान्याची दिवसपाळी सुटली, तसा खालच्या रस्त्यावर बसचा आणि रिक्षांचा गलका उठला. चारुता भाकरी थापत होती आणि चिराग कांदा चिरत होता. प्रमोशन शाखेतल्या अनुजला मिळालं होतं. चिरागला पासबुक छापायच्या मशिनशेजारी बसवलं होतं, आणि ते मशीन दर दहा मिनिटांनी अडकत होतं. आता दर रविवारी तो सातपाटीला जायचा. कागद नसायचा, चहा दोन कप असायचा.

स्वयंपाकाच्या ओट्यावरचा फोन वाजला. चारुताने पिठाच्या हाताने तो उचलला. वाचला. परत वाचला. तिने एका बोटाने भावाला फोन लावला.

"दादा, मिस्त्रीला बोलाव. आजच बोलाव."

पलीकडून कमलाकांत एवढ्या जोरात ओरडला की चिरागला कांद्यापर्यंत ऐकू आलं. मागून जयवंती कोणाला तरी नारळ आणायला पिटाळत होती. मग अपेक्षा फोनवर आली आणि दोघी बराच वेळ कुजबुजत हसत राहिल्या.

फोन ठेवून चारुताने भाकरी उलटली. तिच्या गालाला पीठ लागलं होतं आणि ती स्वतःशीच खुदखुदत होती. चिराग सुरी खाली ठेवून जवळ आला.

"किती जमा झाले? सगळे दिले की काही कापले?"

चारुताने फोन उचलून पदराखाली ठेवला.

"ग्राहकाची माहिती गोपनीय असते," ती म्हणाली. "कांदा चीर."